गावडेदादांचा पिंजरा आणि अरबाबचा कोल्हा

गल्फमधून सुट्टीवर गेलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. सोन्याचा भाव काय, आणि तिकडच्या बिल्डिंगा किती मजली. मी ओमानच्या सीमेवरच्या अल ऐनला एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या स्टोअरमध्ये बरीच वर्षं खिळे आणि सिमेंटच्या गोण्या राखत बसलो. सोन्याचा भाव मला तेव्हाही ठाऊक नव्हता. मला विचाराल तर मी जनावरांचं सांगेन.

असे किस्से साचत जातात, आणि नुसते साचून राहत नाहीत, वाढतात. बायको म्हणते, "पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा ती घोरपड हातभर होती. आता स्कूटरएवढी झालीय."

मी म्हणतो, अगं, मध्ये एवढी वर्षं गेली. जनावर वाढणार नाही का?

*

नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. शुक्रवारी सुट्टी. कॅम्पातले बाकीचे लोक शुक्रवारी कपडे धुवायचे, गावी फोन लावायला बूथसमोर रांग लावायचे, दुपारी व्हीसीआरवर सिनेमा बघायचे. आम्ही चौघं जनावरं धरायला जायचो. बंदूक वगैरे काही नाही. बंदूक दिसली असती तर पोलिसांनी आम्हालाच धरलं असतं. आमचं काम फासकी, सापळा आणि पिंजरा यांचं.

आमचे लीडर गावडेदादा. कणकवलीच्या बाजूचे, शटरिंग कारपेंटर, पन्नाशी उलटलेली. गावाकडं शिमग्यानंतर पारधीला जाण्यात त्यांची हयात गेली असं ते सांगायचे. दुसरा शिंदे, साताऱ्याकडचा, कंपनीचा पिकअप चालवायचा, अंगानं पिकअपसारखाच. तिसरा कुलकर्णी, कॅम्पचा टाइमकीपर, हजेरी आणि रूमची देखभाल बघणारा, सांगलीचा. शुद्ध शाकाहारी. तो म्हणायचा, "मी फक्त बघायला येतो." आणि चौथा मी, कारण बाइंडिंग वायर स्टोअरमध्ये असायची.

पहिलीच शिकार घोरपडीची. तिकडं काटेरी शेपटीची असते, अरब तिला धब म्हणतात. दादांनी वायरची फासकी करून बिळाच्या तोंडाशी लावली आणि आम्ही बाभळीमागं बसलो. धब बाहेर आली, बरोबर फासकीत कंबरेपर्यंत शिरली, आणि दादांनी ओढलं. तशी ती उलटी बिळात गेली आणि अंग फुगवून बसली. दादा तिला ओढतायत, शिंदे दादांना ओढतोय, मी शिंदेला ओढतोय. जनावर इंचभर हलेना.

कुलकर्णी सावलीतून म्हणाला, "तिच्या राहत्या घरातून काढताय तिला. ती सुखासुखी कशी येईल?"

वायर तुटली आणि आम्ही तिघं उताणे पडलो. दादा वाळूत बसल्या बसल्या म्हणाले, "ह्येका पाय नाय रे. मुळां आसत."

मग धब परत बाहेर आली, आमच्या तिघांकडं एकेक करून बघितलं आणि आत गेली. शिंदे म्हणाला, "आरं, ही पण टाइमकीपरच हाय. हजेरी घेऊन गेली."

*

आता कोल्ह्याचं. सगळं महाभारत त्या कोल्ह्यावरून.

आमच्या कंपनीचे मालक, म्हणजे आम्ही ज्यांना अरबाब म्हणायचो ते, पिकलेल्या दाढीचे सज्जन गृहस्थ होते. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा फार्म होता, खजुराची झाडं, शेळ्या, कोंबड्या, आणि जिवापाड जपलेली कबुतरं. एक कोल्हा रोज येऊन त्यातली उचलायचा. फार्मवर एक म्हातारा बलोच चाचा राखणीला होता, पण त्याला दिसायचं कमी. कोल्हा आला की तो मांजर समजून त्याला "पुस्स पुस्स" करायचा.

एक दिवस अरबाब साइटवर आले ते कोल्ह्याला शिव्या देतच. दादा तेव्हा स्कॅफोल्डिंगवर होते. ते खाली उतरले. उतरायला इतका वेळ लागला की तोवर अरबाबच्या शिव्या संपल्या होत्या.

दादा म्हणाले, "अरबाब, हमारे गाव में कोल्हा पकडना बच्चा लोग का काम है."

अरबाबनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "पकडेगा? जिंदा पकडना. टांग टूटा तो नहीं चाहिए."

"जिंदा किसलिए, अरबाब?"

"मेरे को उसका मुँह देखना है."

मग निघताना गाडीची काच खाली करून म्हणाले, "बलोच ईद के बाद घर जाता है. लोमडी पकडा तो फार्म पे तुम."

हे ऐकून दादांचा चेहरा कसा झाला ते मला आजही दिसतं. कारण आमच्या इंजिनिअरनं त्यांना आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं, "चाचा, तुम्हारा घुटना खलास. इस बार व्हिसा रिन्यू नहीं होगा." दादांचे गुडघे शिडी चढायच्या कामाचे राहिले नव्हते, आणि घरी दोन मुलांची शिक्षणं अर्ध्यावर. फार्मवर शिडी नव्हती. सगळं काम जमिनीवर, तेही खजुराच्या सावलीत.

म्हणजे ईदपर्यंत कोल्हा सापडला तर दादा अल ऐनला, नाही तर कणकवलीला.

*

दादांनी शटरिंगच्या प्लायचा आणि सळ्यांचा पिंजरा केला. असा मजबूत की त्यात बिबळ्या राहिला असता. आत हुक, हुकाला आमिष, आमिष ओढलं की वरून दार धाडकन खाली. आमिष म्हणून दादांनी सुका बांगडा आणला. अर्धा कॅम्प रूम बदलून मागायला लागला.

पहिल्या शुक्रवारी पिंजरा फार्मवर नेऊन ठेवला. आता आत शिरून हुकाला बांगडा कोण बांधणार? शिंदे आत मावेना. दादांचे गुडघे दुमडेनात. माझी कंबर त्या दिवशी दुखत होती, म्हणजे मी तसं सांगितलं. राहिला कुलकर्णी.

"मी शाकाहारी आहे," कुलकर्णी म्हणाला.

"मग बरंच आसा," दादा म्हणाले. "तू खाणार नाय."

कुलकर्णीनं नाकाला रुमाल बांधला, दोन बोटांत बांगड्याची शेपटी धरली आणि रांगत आत गेला. हुकाला बांगडा लावता लावता त्याला शिंक आली. दार धाडकन खाली.

दादा खूश. "बघितलंत? दार बरोबर पडता."

कुलकर्णी आतून म्हणाला, "छान. उघडा आता."

दादा कडी काढायला वाकले तसा शिंदेनं त्यांचा हात धरला. पिंजऱ्यासमोर उकिडवा बसला आणि शांतपणे विचारलं, "कुलकर्णीसाहेब, आमच्या रूमच्या एसीचं काय झालं?"

"अरे, ही काय वेळ आहे?"

"ऑफिसात आलो की तुम्ही बिझी असता. आत्ता मोकळे दिसताय."

"सोमवारी टेक्निशियन पाठवतो."

"टेक्निशियन तीनदा येऊन गेला. त्यो नुसतं एसीकडं बघतो आणि च्या पिऊन जातो."

ऊन तापत होतं. बांगडा कुलकर्णीच्या नाकासमोर हळूहळू गोल फिरत होता. बराच वेळ गेला. मग आतून बारीक आवाज आला, "नवा देतो."

शिंदेच्या रूमला नवा एसी आला. त्या पिंजऱ्यात पडलेली सगळ्यात फायद्याची शिकार तीच.

*

दोन शुक्रवार कोल्हा काही आला नाही. दादा म्हणाले, "आपला चुकला. गाऱ्हाणा घातलाच नाय."

कोकणात कुठल्याही कामाआधी, पारधीला तर हमखास, जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. राखणदाराला मान म्हणून कोंबडा आणि बाटली. इथं कोंबडा अरबाबचा आणि बाटली तर विचारूच नका. शेवटी श्रीलंकेचा नारळ आणि लाल सरबत यावर भागवलं.

पण अडचण वेगळीच होती. शिंदे म्हणाला, "दादा, हितला राखणदार कोण? त्याला मालवणी कळंल का?"

दादा विचारात पडले. मग म्हणाले, "कानान ऐकणारो देव नसता रे." आणि टोपी घालून हात जोडून सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा, आज तुझ्या राज्यात परगावची माणसां इली आसत."

आम्ही म्हणालो, "व्हय म्हाराजा."

तेवढ्यात बलोच चाचा काठी टेकत आला. कुलकर्णीला हळूच विचारलं, "ये क्या बोलता है?"

"दुआ है, चाचा."

"अच्छा," म्हणून तोही आमच्या ओळीत उभा राहिला.

"ह्या रेतीचो जो कोण धनी आसात, त्येचा नाव आमका म्हायत नाय. त्येना राग धरू नये."

"व्हय म्हाराजा." "आमीन."

"कोल्हो जित्तो गावांदे. त्येचो पाय मोडू नये."

"व्हय म्हाराजा." "आमीन."

"आनि ह्या गावड्याचो व्हिसा चलांदे."

व्हिसा हा एवढाच शब्द चाचाला कळला असावा, कारण त्या वेळी तो आमच्याआधी आणि आमच्यापेक्षा मोठ्यानं आमीन म्हणाला.

*

गाऱ्हाण्याचा गुण लगेच आला. पुढच्या शुक्रवारी पिंजऱ्याचं दार पडलेलं! दादा गुडघे विसरून पळाले. आत मांजर. पिवळी, पोट भरलेली, निवांत झोपलेली.

दादांनी तिला सोडलं. पुढच्या आठवड्यात परत तीच. मग बलोच चाचानं सांगितलं की ती रोजच येते. आत जाते, दार पाडून घेते, बांगडा खाते, सावलीत झोपते, आणि दुपारी चाचा येऊन दार उघडतो. एखाद्या दिवशी त्याला उशीर झाला तर ओरडते.

कुलकर्णी म्हणाला, "तिला जागा मिळाली, जेवण मिळालं, राखणदार मिळाला. आपण तिच्यासाठी फॅमिली स्टेटस केलं." फॅमिली स्टेटस म्हणजे घरच्यांना तिकडं आणायची परवानगी.

त्या दिवसांत एकदा एक मुठीएवढा काटेरी प्राणी आत सापडला. तिकडं तो वाळवंटात असतोच, पण दादांनी बघितल्याबरोबर आम्हाला मागं सरकवलं. "साळिंदराचा पोर. आवस जवळपास असतली." आणि कोल्हा राहिला बाजूला, आम्ही सकाळभर काठ्या घेऊन त्या न दिसणाऱ्या आवशीची, म्हणजे आईची, वाट बघत बसलो. चाचा येऊन म्हणाला, हे एवढंच असतं, हाच बाप आणि हीच आई. दादांना ते कधीच पटलं नाही.

*

मग उंटाचं. हे ऐकून लोक म्हणतात, फेकतोस. शिंदे अजून आहे, त्याला विचारा. तोही हेच सांगेल, फक्त त्याच्या सांगण्यात उंट दोन असतात.

मांजरीला कंटाळून दादांनी पिंजरा फार्मच्या कुंपणाबाहेर ठेवला, कोल्ह्याच्या वाटेवर, आणि आत पेंढा पसरला. वाऱ्यानं हलू नये म्हणून जाड दोरानं खुंटीला बांधला. पहाटे कुणाचा तरी उंट फिरत आला, पेंढा खायला मान घातली, पाय दोरात गुंतला, आणि भ्यालेला उंट खुंटीसकट, दोरासकट, पिंजऱ्यासकट चालता झाला.

आम्ही गेलो तर जागेवर काहीच नाही. वाळूत नुसता ओढत नेल्याचा चर, रस्त्यासारखा सरळ. पिकअप घालून त्या चरावरून निघालो. दादा पुढं बसलेले, नजर चरावर. बकरी ईदला जेमतेम महिना राहिला होता.

चर गेला तो बुरेमीत. बुरेमी म्हणजे ओमान, दुसरा देश. पण त्या काळात अल ऐन आणि बुरेमीच्या मध्ये साधं फाटकसुद्धा नव्हतं, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जावं तसं जायचं. तिथं एक ओमानी धनगर आमच्या पिंजऱ्यावर बसून चहा पीत होता. आत त्याचं शेळीचं करडू.

शिंदे म्हणाला, "भाई, ये हमारा है."

"मालूम," धनगर म्हणाला. "कंपनी का नाम लिखा है." प्लायवर खरंच आमच्या कंपनीचा शिक्का होता. त्यानं करडू काढून घेतलं, आम्हाला चहा पाजला आणि पिंजरा पिकअपमध्ये चढवायला हातही लावला.

येताना कुलकर्णी गंभीर होऊन म्हणाला, "कंपनीचं मटेरियल देशाबाहेर गेलं. गेटपास कोणाच्या सहीचा?"

"उंटाच्या," शिंदे म्हणाला.

आम्ही हसलो. दादा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "पिंजरो व्हिसाशिवाय जाऊन परत इलो."



*

त्यानंतर दादांनी आम्हाला फार्मवर यायची बंदी घातली. म्हणाले, "तुमच्या अंगाक साबणाचो वास येता. कोल्हो लांबसून वळखता." पिंजरा त्यांनी परत कुंपणाच्या आत, खजुरांमागं ठेवला, आणि दर शुक्रवारी एकटेच फार्मच्या पाण्याच्या टँकरमधून जायला लागले. संध्याकाळी परतले की आम्ही विचारायचो.

"काय दादा?"

"पायांचे ठसे इलेत."

पुढच्या आठवड्यात, "दारापर्यंत येऊन गेलो."

त्याच्या पुढच्या आठवड्यात, "सळयेक केस गावले." केस त्यांनी कागदाच्या पुडीत आणले होते. कुलकर्णीनं बघितले आणि पुडी बांधून परत दिली. केस पिवळे होते.

ईद झाली. बलोच चाचानं ब्लँकेटं आणि एक प्रेशर कुकर बांधून ठेवला. इंजिनिअरनं दादांना सांगितलं की या महिनाअखेर तिकीट काढतो. आणि अरबाबचा कॅम्पवर निरोप आला, "शुक्रवारी सकाळी फार्मवर येतो. लोमडी दाखवा."

आम्ही तिघं पिकअप घेऊन गेलो. उगाच आशा नको म्हणून शिंदेनं दोर घेतला होता, पिंजरा परत आणायला.

दादा फाटकाशी उभे होते. धुतलेला शर्ट, गुळगुळीत दाढी. आम्ही विचारलं, "सापडला?" त्यांनी नुसता हात वर केला, गप राहा म्हणून. तोवर अरबाबची गाडी आलीच.

"लोमडी?" अरबाबनी विचारलं.

"पकडा था, अरबाब."

"था?"

"आज सुबह छोड दिया."

शिंदेनं माझा दंड धरला. वर कबुतरं घुमत होती.

दादा म्हणाले, "मादी थी. दूध पिलानेवाली. हमारे गाव में पिल्लावाली मादी फासे में आया तो रखते नहीं, छोडते हैं. नहीं तो पाप लगता है."

आता, ही रीत मात्र खरी आहे. कोकणात जुने पारधीवाले पिलांची आई सापडली तर सोडून देतात, मग घरात खायला काही नसलं तरी. पण ती अरबाबला कुठून कळणार?

अरबाबनी हातानं आम्हाला तिथंच थांबवलं. एकटेच खजुरांमागं गेले. आम्हाला झाडांच्या फटीतून दिसत होतं. ते पिंजऱ्यासमोर वाकले, गुडघ्यावर हात ठेवून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उभे राहिले, डोक्यावरचं फडकं सारखं केलं आणि सावकाश परत आले. चेहरा जसा गेला तसाच आला.

"दूध पिलानेवाली थी?"

"हाँ, अरबाब."

"बच्चा कितना होगा?"

"चार," दादा म्हणाले. "पाँच भी हो सकता."

"सब बडा होगा."

"होगा, अरबाब."

"सब मेरा कबूतर खाएगा."

"इन्शाल्ला," दादांच्या तोंडून निघून गेलं.

अरबाबनी दाढीवरून हात फिरवला. "फिर तो इधर फुल टाइम आदमी चाहिए. यल्ला, बलोच से चाबी लो." आणि गाडीत बसून निघूनही गेले.

दादा चाबी घ्यायला बलोच चाचाच्या खोलीकडं वळले. आम्हाला वाटलं, कोल्ह्याचं काम संपलं, कंपनीचं प्लाय कंपनीत जमा करावं. म्हणून दोर घेऊन आम्ही तिघं खजुरांमागं गेलो.

पिंजऱ्याचं दार उघडंच होतं. आत पेंढ्यात चाचाची एक तांबडी कोंबडी अंग पसरून बसली होती. कुलकर्णीनं तिला हुसकायला हात घातला तशी तिनं अशी चोच मारली की तो मागं सरला. तेवढ्यात ती जराशी उठली, आणि खाली अंडी दिसली. त्यातल्या एकाला आतून टोच पडली होती, आणि त्या भोकातून बारीक चिवचिव येत होती.

शिंदे बोटं मोजत म्हणाला, "कोंबडी अंड्यांवर एकवीस दिस बसती." मी कुलकर्णीकडं बघितलं.

मागून दादा आले. हातात फार्मच्या चाव्यांचा जुडगा. वाकून त्यांनी आत बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हलवू नकात तिका. आज-उद्याक पिलां फुटतली."